आत्याचा उजवा गुडघा

माझ्या आत्याचा उजवा गुडघा दुखतो, हे मला माहीत होतं. तरी एका फॉर्मवर 'गुडघ्यात वेदना आहेत का?' या प्रश्नापुढे मी माझ्या हातानं 'नाही' असं लिहिलं. त्याला आता काही वर्षं झाली. मोजक्या माणसांना मी हे तोंडानं सांगितलं आहे. लिहून काढायला आज बसले.

मी मूळची शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याची. घरी ऊस, कांदा आणि चार गाई. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी दौंड तालुक्यातल्या राहू गावी आत्याच्या घरी काढली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. तिचे यजमान, त्यांना मी मामा म्हणते, भाजीपाला आणि शेवंती करतात. आत्याला मुलगी नव्हती. मी गेले तेव्हा तिनं ती उणीव भरून निघाली असंच धरलं. सकाळी फुलं तोडायला जायच्या आधी माझा डबा तयार असायचा, आणि भाकरी ताजी आहे का शिळी हे मला कधी विचारावं लागलं नाही. तिचा उजवा गुडघा मी तेव्हापासून ओळखते. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून त्याला तेल चोळायची आणि उठताना दाराची चौकट धरायची.

पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका प्रयोगशाळेत लागले. तिथं कृत्रिम सांधे तपासण्याचं काम चालतं. आप्पा न्हावऱ्याच्या दूध डेअरीवर सगळ्यांना सांगायचे, "आमची पोरगी गुडघं बनवती." मी बनवत नव्हते. मी मोजायचे. पण सुट्टीत घरी गेले की ओट्यावर चार-पाच बायका पाय पसरून बसलेल्या असायच्या. मी त्यांचा गुडघा दाबून बघायचे आणि डॉक्टर असल्यासारखी मान हलवायचे. मला ते आवडायचं.

आमच्या गटात दोन माणसं महत्त्वाची होती. एक सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. ते यंत्रांचे माणूस. त्यांच्या टेबलाच्या खणात एक झिजलेली प्लास्टिकची चकती होती. कृत्रिम गुडघ्यात वर धातूची टोपी असते, खाली धातूची बैठक, आणि मध्ये ही चकती. नवीन माणूस कामावर आला की सर ती त्याच्या हातात देत आणि म्हणत, "ही एका माणसाच्या पायातून परत आलीय. त्याला दुसऱ्यांदा कापावं लागलं." बाकी काही बोलत नसत. दुसरे डॉक्टर. ते सांधे बदलण्याची ऑपरेशनं करायचे, आणि ठरावीक दिवशी दौंडच्या एका दवाखान्यातही यायचे. पेशंट समोर बसला की त्यांचा पहिला प्रश्न कुठं दुखतं हा नसायचा. ते विचारायचे, "दिवसभर काय काम करता?"

या दोघांनी मिळून एक काम काढलं होतं. गुडघ्याची चाचणी घेणारं यंत्र सांध्याला चालायला लावतं, जिना चढायला लावतं, खुर्चीत बसवतं. पण आपल्याकडची बाई दिवसभर उकिडवी बसून खुरपते, मांडी घालून जेवते. ते बसणं-उठणं यंत्राला शिकवायचं, तर आधी ते नीट मोजायला हवं. त्यासाठी रोज उकिडवं बसणाऱ्या आणि गुडघे धडधाकट असलेल्या बायका हव्या होत्या. सरांनी विचारलं, "कुठून आणायच्या?" मी लगेच म्हणाले, "मी आणते."

आत्यानं राहूतून सात जणी तयार केल्या, स्वतःला धरून. मी आदल्या दिवशी राहूला गेले आणि अंगणात सगळ्यांना शिकवलं. उभं राहायचं, सावकाश उकिडवं बसायचं, तसंच उठायचं. हात कुठं टेकवायचा नाही, नाहीतर पायावर किती भार येतो ते कळत नाही. बाकीच्या हसत होत्या, एकमेकींवर कलंडत होत्या. आत्या मात्र शाळेत बसल्यासारखी ऐकत होती. पहिल्यांदा उठताना तिचा हात आपोआप मांडीवर गेला.

"हात नाही टेकवायचा, आत्या."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा बसली. पुन्हा उठली. ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात मांडीवर गेला नाही.

सकाळी जीपनं केडगाव आणि तिथून डेमू रेल्वेनं पुणे. बायका जत्रेला निघाल्यासारख्या होत्या. कुणी शेंगा आणल्या होत्या, कुणी गजरा माळला होता. प्रयोगशाळेत पोचल्यावर मी त्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि गुडघ्याच्या वर चार बोटं राहणाऱ्या काळ्या अर्ध्या पँटी पुढं केल्या. पायावर चमकणारे छोटे गोळे चिकटवायचे असतात, भोवतीचे कॅमेरे ते टिपतात. साडीत ते जमत नाही. हे मी आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निम्म्या आल्या नसत्या, म्हणून सांगितलं नव्हतं.

कुणी पँटीला हात लावला नाही. एक म्हातारी म्हणाली, "आगं, आमच्या मालकानंबी आमचं पाय आसं बघितलं न्हाईत." कुणी हसलं नाही. सगळ्या आत्याकडे बघायला लागल्या, कारण त्या तिच्या शब्दावर आल्या होत्या. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पँट घेतली, पडद्यामागं गेली आणि ती घालून बाहेर आली. "पोरीचं काम हाय," ती बाकीच्यांना म्हणाली, "चला."

तरी दोघी तयार झाल्याच नाहीत. त्या दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

मोजायच्या आधी फॉर्म भरायचा होता. मी एकेकीला विचारून लिहीत होते. आत्याची पाळी आली.

"गुडघा दुखतो का?"

"उजवा दुखतो की. तुला ठावं हाय."

"रोज नाही ना?"

"रोज न्हाई म्हंजी... खुरपून झालं की दुखतो. आन् सकाळी उठताना."

"सूज?"

"आसती कवा कवा."

दोघी बाहेर बसल्या होत्या. उरलेल्यांपैकी एकीला घामानं गोळे टिकत नव्हते. सरांना मी मोठ्या तोंडानं सात सांगितल्या होत्या. आत्याला काढलं असतं तर माझ्या हातात चारच उरल्या असत्या, आणि त्यातल्या तिघी हात टेकवल्याशिवाय उठत नव्हत्या. मी 'नाही' लिहिलं. आत्यानं खाली सही केली. ती अक्षर लावून लावून वाचते, पण फॉर्म इंग्रजीत होता.

कॅमेऱ्यांसमोर सगळ्यांत स्वच्छ मोजणी आत्याचीच आली. मी शिकवलं होतं तसंच, न चुकता, हात न टेकवता ती सात-आठ वेळा बसली आणि उठली. डॉक्टर त्या दिवशी आले होते. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही तर सगळ्यांना मागं टाकलंत." आत्या लाजली. परत जाताना डेमूत ती खिडकीशी बसली आणि उजवा पाय समोरच्या बाकावर लांब करून ठेवला. मी तिच्या शेजारी बसून सरांना मेसेज लिहीत होते.

पुढच्या कामात आत्याचीच मोजणी मुख्य धरली गेली. यंत्रात कृत्रिम गुडघा बसवला आणि त्याला आत्यासारखं बसायला-उठायला लावलं. आठवडेच्या आठवडे ते यंत्र चालू असायचं. मी येता-जाता काचेतून बघायचे. त्या कामावर मला चांगली जागा मिळाली, दोन-तीन ठिकाणी जाऊन मी त्याबद्दल बोलले. पडद्यावर आत्याच्या पायाची रेघ दाखवताना मी म्हणायचे, "ही आमच्या भागातली निरोगी गुडघ्याची शेतकरी महिला."

तीन वर्षांनी मामांचा फोन आला. आत्याला अंगणातून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं. मी त्यांना दौंडला बोलावलं, डॉक्टरांच्या दिवशी. आत्या आत आली ती मामांचा खांदा धरून, आणि डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं.

"मावशी, तुम्ही आमच्याकडे पुण्याला आला होतात. हात न टेकवता उठायचात."

"व्हय," आत्या म्हणाली.

त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा काही त्रास नव्हता ना? आपण तसंच लिहून घेतलं होतं."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी एक्स-रेकडे बघत होते. तिला काय कळलं आणि किती कळलं, मला माहीत नाही, पण तिनं फार वेळ लावला नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "तवा काय न्हवतं."

मी तिथं बोलायला हवं होतं. दार उघडं होतं, बाहेर बाकावर पेशंट बसले होते, मामा टोपी हातात घेऊन उभे होते. यांतलं काहीही खरं कारण नव्हतं. मला बोलायचं नव्हतं.

ऑपरेशन दौंडलाच झालं. कामासाठी मी डॉक्टरांच्या बऱ्याच ऑपरेशनांना आत उभी राहिले होते. या वेळी तू नातेवाईक आहेस, बाहेर थांब, असं ते म्हणाले, पण मी हट्ट धरला आणि त्यांनी येऊ दिलं. आत्याला कमरेखाली भूल दिली होती. ती जागी होती, थोडी गुंगीत, आणि तिच्या तोंडाच्या आणि पायाच्या मध्ये हिरवा कपडा आडवा लावला होता.

गुडघा उघडल्यावर डॉक्टर थांबले. धडधाकट गुडघ्यात हाडाच्या टोकावर पांढरा, ओलसर, जाड थर असतो. इथं आतल्या बाजूला तो नव्हताच. हाडावर हाड घासून पाटा-वरवंट्यासारखं गुळगुळीत झालं होतं आणि त्यात खोल चरे पडले होते.

"इकडे ये," डॉक्टर मला म्हणाले. "बघ. हे तीन वर्षांत झालेलं नाही."

"नाही."

"त्या दिवशी हे बरंचसं असंच असणार. आणि अशा गुडघ्यावर ती बाई हात न टेकवता उठत होती?"

तेवढ्यात कपड्यापलीकडून आत्याचा आवाज आला, जड आणि सावकाश.

"डाक्टर, पोरीला काय इचारू नका. म्याच बोलले न्हवते."

भूल देणाऱ्या बाईंनी आत्याच्या कपाळावर हात ठेवला. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. मग करवत चालली. त्यांनी हाडाचे काप घेतले, माप लावून बघितलं, पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, सिमेंट लावून नवा सांधा बसवला. त्यांचे हात सुताराच्या हातांसारखे घाई न करता चालतात. इतर वेळी मी मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. त्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेले आणि सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांना आधी फोन केला होता. ते फक्त "सरांना सांग" एवढंच म्हणाले होते.

सरांनी मला मध्ये तोडलं नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "दुखऱ्या पायावर माणूस कमी भार देतो. हे तुला माहीत आहे."

"हो."

"म्हणजे उजव्या पायाची जी मोजणी आपण यंत्राला दिली, ती खऱ्यापेक्षा हलकी आहे. आपण त्या सांध्याला सोपा पेपर दिला, आणि तो पास झाला म्हणून खूश झालो."

ते उठले, बाहेर गेले आणि यंत्र स्वतःच्या हातानं बंद केलं. इतके दिवस त्या आवाजाची आम्हाला सवय झाली होती. तो थांबल्यावर आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघायला लागली. सर सगळ्यांसमोर मला काही बोलले नाहीत. खोलीत परत आल्यावर म्हणाले, "तू त्या दिवशी मला सांगितलं असतंस, तर आपण एक बाई कमी धरली असती. एवढंच झालं असतं."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ते सगळं काम बाजूला ठेवलं गेलं. ज्यांना ज्यांना आम्ही ती मोजणी दिली होती, त्यांना कळवायचं पत्र सरांनी मलाच लिहायला लावलं. सुदैवानं त्या मोजणीवर तपासलेला सांधा अजून कुणाच्या पायात गेला नव्हता. मला मोजणीवरून काढून कागदपत्रांच्या कामावर बसवलं. मी नोकरी सोडते म्हणाले, तर सर म्हणाले, "सोडणं सोपं आहे."

टाके निघाल्यावर मी राहूला गेले. आत्या पडवीत खाटेवर बसली होती, व्यायामाला पाय खाली सोडून. मामा शेवंतीच्या पट्टीत होते. मी तिला सांगितलं की फॉर्मवर मी 'दुखत नाही' असं लिहिलं होतं.

"त्ये डाक्टरनी इचारलं तवाच कळलं मला," ती म्हणाली.

"मग तू माझी बाजू का घेतलीस?"

ती पाय हलवत राहिली. नंतर म्हणाली, "त्याचं काय न्हाई. पर मला वाटलं व्हतं तू लिवलं आसशील."

"म्हणजे?"

"म्या सांगितलं की तुला, दुखतो म्हनून. सूज येती म्हनून. मला वाटलं, मोठ्या डाक्टरच्या कागदात गेलं. आता बोलावतील. मामा म्हनायचे, केडगावला दाखवू, दौंडला दाखवू. म्या म्हनायचे, आपलं नाव पुण्यात हाय, पोरगी तितंच हाय, बोलावनं यील." ती थांबली. "तीन वरसं म्या कुठंच दाखवलं न्हाई."

मला वाटत होतं की मी यंत्राला फसवलं, सरांना फसवलं. आत्या तीन वर्षं बोलावण्याची वाट बघत बसली होती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या तीन वर्षांत मी दिवाळीला, भाऊबीजेला राहूला येऊन गेले होते. तिनं एकदाही विचारलं नाही, आणि मला वाटलं की तिचं बरं चाललंय.

मी तिच्या पायाशी बसले. माफी मागितली. ती म्हणाली, "उठ, फरशी थंड हाय." चहा करायला तिला उठता येत नव्हतं, म्हणून मी केला. आम्ही चहा प्यालो आणि शेवंतीच्या बाजाराबद्दल बोललो.

वर्षभरानं मोजणी पुन्हा करायची ठरली. सरांनी मला परत घेतलं, पण प्रत्येक बाईचा गुडघा आधी डॉक्टर तपासणार आणि फॉर्म मराठीत असणार, या दोन अटींवर. बायका मिळवायला मी या वेळी न्हावऱ्यात हिंडले. आमच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून अर्धी पँट आधीच दाखवली, कॅमेऱ्यांचं सांगितलं, आणि मागच्या वेळी मी काय केलं तेही सांगितलं. आप्पा दारात उभे राहून ऐकत होते. ते गोठ्याकडे निघून गेले. त्यानंतर डेअरीवर ते माझ्याबद्दल काय सांगतात, मला माहीत नाही. आलेल्यांपैकी पाच जणी तयार झाल्या. दोघींच्या गुडघ्यात डॉक्टरांना दोष सापडला, त्यांना मोजणीत घेतलं नाही, उपचाराला दौंडची तारीख दिली. उरल्या तीन. तीनच घेतल्या.

आत्या आता चालते. अंगणातून शेतापर्यंत, शेतातून देवळापर्यंत. जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून फुलं निवडते, आणि जेवायला सगळे खाली बसलेले असताना तिला एकटीला वर बसावं लागतं, त्याचा तिला संकोच वाटतो. इतकी वर्षं सगळा भार डाव्या पायानं सोसला, म्हणून या वर्षी डावा गुडघाही बदलावा लागला.

त्या ऑपरेशनच्या दिवशी दौंडच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं, मी आत येऊ का. ते हो म्हणाले. आत्या स्ट्रेचरवर होती. तिनं माझा हात धरला, नीट प्रेमानं धरला, आणि डॉक्टरांना म्हणाली, "हिला भाईर बसू द्या."

मी बाहेर मामांशेजारी बसले. समोरच्या बाकावर रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्या बायकोचंही ऑपरेशन होतं. मामा त्यांना सांगायला लागले, "ही आमची भाची. हिच्यामुळंच समदं झालं बघा. न्हाईतर आम्हाला कोन इचारतंय."

आत्यानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "तसं नाही." आणि त्या अनोळखी माणसासमोरच त्यांना सगळं सांगितलं. फॉर्म, 'नाही', आणि आत्या ज्या बोलावण्याची वाट बघत होती ते. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तिला ठावं हाय?"

"हो. पहिल्या ऑपरेशनच्या आधीपासून."

बऱ्याच वेळानं सिस्टरनं दार उघडून विचारलं, "नातेवाईक कोण आहेत?" मामा उठले, टोपी घातली आणि आत गेले. एकालाच सोडत होते. मी बाकावर बसून राहिले.